१५२ दिवस : पीसीओएसचे एक प्रकरण

या प्रकरणातील स्त्री कोणी एक व्यक्ती नाही. अनेकींच्या हकिकतींतून ती उभी केली आहे, आणि तिच्या बाबतीत जे घडले त्यातली कोणतीही गोष्ट स्त्रीरोगतज्ज्ञाला नवलाची वाटणार नाही. बीजकोशाच्या (ओव्हरीच्या) या विकाराचे, पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम म्हणजेच पीसीओएसचे, नाव आज बहुतेकांनी ऐकलेले असते. तो काय करतो आणि त्याला सांभाळायचे म्हणजे नेमके काय करायचे, याची कल्पना मात्र रुग्णालाच नव्हे, कधीकधी उपचार करणाऱ्यालाही धूसर असते, म्हणून हे सविस्तर टिपण.

वयाच्या २६ व्या वर्षी ती पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा सलग १७ दिवस तिच्या अंगावरून जात होते आणि त्याआधी पाच महिने पाळी आलेलीच नव्हती. ती एका कार्यालयात हिशेबाचे काम करत होती. चेहरा फिकट पडला होता, एक जिना चढला की धाप लागत होती, आणि तरीही हे दुखणे तिने दोन आठवडे अंगावर काढले होते, कारण पाळी आली याचाच तिला आधी आनंद झाला होता. तिच्याजवळ कागदांची जाडजूड फाइल होती. सर्वांत वर, प्लास्टिकच्या आवरणात जपून ठेवलेला, सात वर्षांपूर्वीचा सोनोग्राफीचा अहवाल होता आणि त्यातील ‘दोन्ही बीजकोशांत अनेक लहान सिस्ट’ या ओळीखाली पेनाने रेघ मारलेली होती. तिचा पहिला प्रश्न रक्तस्रावाबद्दल नव्हताच. “गाठी वाढल्यात का?” असे तिने विचारले.

फाइल उलगडत गेल्यावर त्या सात वर्षांचा प्रवास दिसला. १९ व्या वर्षी पाळी लांबते म्हणून सोनोग्राफी झाली, सहा महिने गर्भनिरोधक गोळ्या दिल्या गेल्या, त्या चालू असेपर्यंत पाळी घड्याळासारखी आली आणि बंद केल्यावर पुन्हा लांबू लागली. तेव्हा गोळ्यांनी गुण आला नाही असा समज तिने करून घेतला. पुढे मुरुमांसाठी त्वचारोगतज्ज्ञ, विरळ होणाऱ्या केसांसाठी कोणीतरी सुचवलेल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या, चार वर्षांत वाढलेल्या ११ किलो वजनासाठी एक आहारतज्ज्ञ, आणि अलीकडे थायरॉईडची शंका. प्रत्येक कागद आपापल्या जागी चुकीचा नव्हता. पण मुरुम, केस, वजन आणि पाळी या चार तक्रारी एकाच मुळाच्या फांद्या असू शकतात, हे चारही दारांपैकी एकाही दाराआड कोणी तिला सांगितले नव्हते.

तारखांचा कागद

फाइल बाजूला ठेवून तिच्याकडून एका कोऱ्या कागदावर पाळीच्या पहिल्या दिवसाच्या तारखा लिहून घेतल्या. मोबाइलच्या दिनदर्शिकेत ती दर वेळी एक लाल ठिपका टाकत असे, त्यामुळे मागच्या १४ महिन्यांच्या सात तारखा हाती लागल्या. त्यांच्यामधली अंतरे अशी होती : ४१, ५८, ७३, ४९, ६६ आणि शेवटचे १५२ दिवस. ते लिहिताना तिचा हात थांबला नाही, पण शेवटचा आकडा मोजून झाल्यावर तिने तो पुन्हा मोजला.

पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ती मागेपुढे होणे स्वाभाविक असते, कारण मेंदू आणि बीजकोश यांच्यातील संवादाची घडी बसायला तेवढा काळ लागतो. तीन वर्षे उलटल्यावर मात्र २१ ते ३५ दिवसांच्या बाहेरचे चक्र, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या, हे अनियमिततेचे लक्षण मानले जाते. या स्त्रीची पहिली पाळी १३ व्या वर्षी आली होती, म्हणजे सोळाव्या वर्षापासूनचे तिचे प्रत्येक वर्ष या व्याख्येत बसत होते. कोणत्याही यंत्राविना, केवळ या एका कागदावरून, तिच्या बीजकोशातून दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडत नाही एवढे जवळजवळ निश्चित झाले. माझ्या मते या विकारात सोनोग्राफीपेक्षा तारखांचा कागद अधिक बोलका असतो, आणि तो तपासायला सर्वांत कमी वेळ दिला जातो.

नावाने केलेला घोळ

१९३५ साली स्टाइन आणि लेव्हेन्थाल या दोन अमेरिकन डॉक्टरांनी सात स्त्रियांचे वर्णन प्रसिद्ध केले. पाळी बंद किंवा अनियमित असलेल्या या स्त्रियांचे बीजकोश आकाराने वाढलेले होते आणि त्यांत लहान लहान पुटिका होत्या. विकाराला नाव मिळाले ते या दिसण्यावरून, आणि तिथेच घोळ सुरू झाला. सोनोग्राफीत जे काळे ठिपके दिसतात त्या गाठी नसतात. ती वाढ अर्ध्यावर थांबलेली, २ ते ९ मिलिमीटर व्यासाची बीजपुटे, म्हणजे स्त्रीबीज ज्यांत वाढते त्या इवल्या पिशव्या, असतात. प्रत्येक निरोगी तरुणीच्या बीजकोशात ती असतातच, इथे फक्त त्यांची संख्या जास्त असते, कारण दर महिन्याला त्यांतल्या एकाने मोठे होऊन फुटायचे असते ते होत नाही. ती काढून टाकायची नसतात, विरघळवायची नसतात, आणि ती वाढून कर्करोग होत नाही. ‘गाठ’ या एका शब्दाने त्या मुलीच्या सात वर्षांच्या झोपेवर जो परिणाम केला, त्याची नोंद कोणत्याही अहवालात नव्हती.

निदानासाठी २००३ साली रॉटरडॅम येथे ठरलेले निकष आजही पायाभूत आहेत. स्त्रीबीज न सुटणे किंवा क्वचित सुटणे, पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक (लक्षणांतून किंवा रक्तातून दिसणारा), आणि सोनोग्राफीतील विशिष्ट चित्र, या तिन्हींपैकी कोणतीही दोन असली आणि तसेच चित्र निर्माण करणारे इतर आजार वगळले गेले, तर निदान होते. प्रौढ स्त्रीमध्ये पहिली दोन स्पष्ट असतील तर निदानासाठी सोनोग्राफी लागतही नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी तर प्रौढ स्त्रीत सोनोग्राफीऐवजी, बीजपुटांच्या संख्येचा अंदाज देणाऱ्या एएमएच या रक्तचाचणीचा पर्यायही मान्य केला आहे. आणि पहिल्या पाळीनंतर आठ वर्षे होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी करूच नये असेही त्यांत म्हटले आहे, कारण त्या वयात निरोगी मुलींचे बीजकोशही तसेच दिसतात. या स्त्रीची ती पहिली, जपून ठेवलेली सोनोग्राफी पहिल्या पाळीनंतर सहाव्या वर्षी झालेली होती.

तपासणीच्या खोलीत

बोलताना ती सतत हनुवटी तळहातावर टेकवून बसत असे. विचार करण्याची सवय असावी असे वाटले होते. प्रत्यक्षात ती हनुवटीवरचे केस झाकत होती, हे फार उशिरा लक्षात आले. अंगावरील केसांची वाढ मोजण्यासाठी शरीराच्या नऊ भागांना प्रत्येकी ० ते ४ गुण देण्याची पद्धत आहे, आणि एकूण ४ ते ६ च्या पुढे गुण गेले की वाढ अधिक समजली जाते. पण जी स्त्री रोज सकाळी आरशासमोर चिमटा घेऊन वीस मिनिटे घालवते, तिच्या हनुवटीवर तपासणाऱ्याला काय दिसणार? म्हणून डोळ्यांनी पाहण्याआधी विचारावे लागते की केस किती वेळा काढता आणि न काढल्यास किती दिवसांत दिसू लागतात. तिचे उत्तर होते, दोन दिवसांत. त्या हिशेबाने गुण ९ झाले.

मानेच्या मागच्या बाजूला काळसर, मखमलीसारखा जाडसर पट्टा होता आणि त्याच्या कडेने सोलवटल्याच्या खुणा होत्या. तो मळ आहे असे समजून ती अनेक वर्षे मान घासत आली होती. हा मळ नव्हे. रक्तात इन्सुलिनचे प्रमाण दीर्घकाळ जास्त राहिले की त्वचेच्या पेशी अशा वाढतात. तिला हे सांगितले तेव्हा ती काही वेळ काहीच बोलली नाही, आणि मग म्हणाली, “म्हणजे घासायचं नाही?”

त्या पट्ट्यातच या विकाराचे मर्म होते. पीसीओएस असलेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरात, बारीक अंगाच्या स्त्रियांतही, इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो, म्हणून स्वादुपिंड ते अधिक तयार करते. हे वाढलेले इन्सुलिन बीजकोशातील पेशींना पुरुषी संप्रेरके अधिक बनवण्यास उद्युक्त करते. त्याच वेळी यकृतात तयार होणारे, ही संप्रेरके बांधून ठेवणारे प्रथिन कमी होते, त्यामुळे रक्तात मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते. त्याचा परिणाम त्वचेवर मुरुमांच्या, हनुवटीवर केसांच्या आणि डोक्यावर विरळपणाच्या रूपाने दिसतो. बीजपुटांची वाढ मध्येच थांबते. आणि वजन वाढले की हे चक्र आणखी वेगाने फिरते. बीजकोश हा या गोष्टीतला एक भाग आहे, सगळी गोष्ट नव्हे.

तिची उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ७८ किलो होते, म्हणजे बॉडी मास इंडेक्स साधारण ३०.५. रक्तदाब १२८/८२ होता.

अहवाल

पाळी अनियमित असलेल्या कोणत्याही स्त्रीची पहिली चाचणी गर्भधारणेची. ती नकारात्मक आली. त्यानंतर तिच्या फाइलमधल्या थायरॉईडच्या शंकेचा निकाल लावणे आवश्यक होते. दोन महिन्यांपूर्वीच्या अहवालात टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक) कमी आणि टेस्टोस्टेरॉन अपेक्षेच्या जवळपास तिप्पट दाखवले होते, आणि या दोन आकड्यांनी तिला दोन वेगवेगळ्या भीतींच्या हवाली केले होते : थायरॉईडचा अतिरेक आणि बीजकोशातील पुरुषी संप्रेरक स्रवणारी गाठ. उलगडा केसांच्या गोळ्यांनी केला. त्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत होते. काही प्रयोगशाळांतील चाचण्यांची रचनाच बायोटिनवर आधारलेली असते, आणि रक्तात ते जास्त असले की त्यांतील काही आकडे खोटे कमी आणि काही खोटे जास्त येतात. टीएसएच पहिल्या गटात आणि टेस्टोस्टेरॉन दुसऱ्या गटात मोडते. गोळ्या आठवडाभर बंद करून पुन्हा रक्त घेतले तेव्हा टीएसएच २.४ आणि टेस्टोस्टेरॉन ६८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे मर्यादेपेक्षा थोडेसेच जास्त, असे आले. प्रोलॅक्टिन (हे संप्रेरक वाढले तरी पाळी लांबते) व्यवस्थित होते, आणि अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात दोष वगळण्यासाठी केलेली १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनची चाचणीही निर्दोष आली. एका साध्या प्रश्नाने, “आणखी कोणत्या गोळ्या घेता?” या प्रश्नाने, एक महागडी तपासणी टळली.

हिमोग्लोबिन ९.८ होते आणि शरीरातील लोहाचा साठा संपत आलेला होता. सतरा दिवसांच्या रक्तस्रावाचा तो हिशेब होता.

साखरेची तपासणी मुद्दाम ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन केली. उपाशीपोटी साखर ९७, म्हणजे निर्दोष. दोन तासांनंतर १५२, म्हणजे १४० या मर्यादेच्या पुढे. केवळ उपाशीपोटी रक्त तपासले असते तर मधुमेहाची ही पूर्वअवस्था निसटून गेली असती, आणि पीसीओएसमध्ये ती अशीच निसटते. निदान होताच ही चाचणी करावी आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा करावी, ही शिफारस याच कारणाने आहे. रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढलेले आणि उपयुक्त कोलेस्टेरॉल कमी होते.

सोनोग्राफी केली ती बीजकोशासाठी नव्हे, गर्भाशयाच्या अस्तरासाठी. उजव्या बीजकोशात २४ बीजपुटे मोजली गेली, निकषातील २० च्या पुढे. त्याकडे पाहून कोणी काही बोलले नाही. अस्तर मात्र १६ मिलिमीटर जाड होते. पाळी येत नाही म्हणजे शरीर विश्रांती घेते असे नाही. स्त्रीबीज सुटत नाही तोवर अस्तराला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही, आणि इस्ट्रोजेन हे दुसरे संप्रेरक मात्र अस्तर वाढवत राहते. नियमित पाळीत दर महिन्याला ते झडून जाते. इथे १५२ दिवस ते चढत गेले आणि शेवटी ठिकठिकाणी ढासळू लागले, तो रक्तस्राव म्हणजेच तिची ‘पाळी’. म्हणून अस्तराचा तुकडा तपासणीस पाठवला. अहवाल आला : अस्तराची अतिवाढ, पेशींत विकृती नाही.

पीसीओएसमध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका सामान्यांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असला, तरी तरुण वयात तो मुळातच इतका कमी असतो की पटींच्या भाषेने उगाच घबराट होते. पेशींत विकृती नसलेली अतिवाढ पुढे वीस वर्षांत कर्करोगात बदलण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी मानली जाते, आणि उपचाराने ती बहुधा पूर्ववत होते. हे दोन्ही आकडे तिला सांगितले. तीन महिन्यांहून अधिक काळ पाळी आली नाही तर ती आणण्याचा उपाय झालाच पाहिजे, एवढे वाक्य तिला १९ व्या वर्षी कोणी सांगितले असते, तर या तुकड्याची वेळ आली नसती असे वाटते.

आत्ता काय हवे

उपचाराचा निर्णय करताना तिला एकच प्रश्न विचारला : यांतले सर्वांत आधी काय थांबावे असे वाटते? रक्तस्राव, असे उत्तर अपेक्षित होते. ती म्हणाली, “हनुवटी.” तीस सेकंदांच्या शांततेनंतर तिने पुढचे सांगितले : छायाचित्र काढायचे झाले की ती कारण काढून निघून जाते, गेल्या वर्षभरात दोन समारंभ तिने टाळले, आणि सकाळी उठावेसे वाटत नाही. या विकारात नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण लक्षणीय असते. त्यांची चौकशी हा सौजन्याचा भाग नसून तपासणीचाच भाग आहे. तिला समुपदेशकाकडे पाठवले, आणि ती जाऊ लागली.

पाळी आणि केस या दोन्हींवर सहसा पहिला उपाय संयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांचा असतो. इथे तो करायचा विचार चालू असतानाच तिने सहज सांगितले की तिला अर्धशिशी आहे, आणि डोके दुखण्याच्या अर्धा तास आधी डोळ्यांसमोर चमकत्या, वाकड्यातिकड्या रेषा येतात. अशा पूर्वसूचनेसह येणाऱ्या अर्धशिशीत इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या देऊ नयेत, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. त्याच गोळ्या तिने १९ व्या वर्षी सहा महिने घेतल्या होत्या. त्या रेषा तेव्हाही दिसत होत्या का, असे विचारल्यावर ती म्हणाली, “हो, पण कोणी विचारलं नाही.”

मग निवड झाली ती गर्भाशयात बसवण्याच्या, लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक सोडणाऱ्या साधनाची. बोलीत त्या आकाराच्या सगळ्याच साधनांना ‘तांबी’ म्हणतात, पण यात तांबे नसते. अतिवाढलेल्या अस्तरावर हा सर्वांत परिणामकारक उपाय मानला जातो, आणि त्यात इस्ट्रोजेन नसल्याने अर्धशिशीची अडचण येत नाही. एक उणीव मात्र होती : हे साधन केसांवर काहीच काम करत नाही आणि काहींच्या मुरुमांत भर घालते. केसांसाठी पुरुषी संप्रेरकांचा परिणाम रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन द्यायचे, तर त्याच्यासोबत भरवशाचे गर्भनिरोधन सक्तीचे असते, कारण ते चालू असताना दिवस राहिले तर मुलग्याच्या अवयवांच्या घडणीवर परिणाम होऊ शकतो. साधनाने तीही अट पूर्ण केली. एका गोष्टीने अस्तर सांभाळले आणि दुसऱ्या औषधाला वाट मोकळी करून दिली.

केसांच्या बाबतीत तिला सहा महिन्यांचा करार करावा लागला. केसाच्या मुळाचे चक्र लांब असते, म्हणून कोणत्याही औषधाचा परिणाम त्याआधी जोखता येत नाही. तिसऱ्या महिन्यात ‘काहीच फरक नाही’ म्हणून बंद केलेले औषध हा या उपचारातला सर्वांत नेहमीचा अपघात आहे. जोडीला हनुवटीवर लेझर सुरू केले. लेझर असलेल्या केसावर काम करते आणि औषध येऊ घातलेल्या केसावर, म्हणून एकट्याने कोणतेही पुरत नाही.

साखरेसाठी मेटफॉर्मिन दिले, आणि इथे चूक माझी झाली. ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, पहिल्या दिवसापासून, एवढे लिहून मोकळा झालो. मळमळ आणि जुलाबांनी ती हैराण झाली, नवव्या दिवशी तिने गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या भेटीत विचारेपर्यंत ते सांगितले नाही, कारण आपणच नीट पाळले नाही असे तिला वाटत होते. नंतर सावकाश विरघळणाऱ्या प्रकारची एकच गोळी, रात्रीच्या जेवणासोबत, आणि दोन आठवड्यांनी एक पाऊल अशा गतीने वाढवत नेली. पोटाने ती सहन केली. हे औषध वर्षानुवर्षे चालले तर ब१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, म्हणून त्याची तपासणीही यादीत जोडली.

वजनाबद्दल तिला आतापर्यंत मिळालेला सल्ला ‘कमी करा’ या दोन शब्दांचा होता. पीसीओएससाठी अमुक एक आहार दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ असल्याचा पुरावा नाही. ज्या पद्धतीने ती स्त्री वर्षभर जेवू शकेल ती पद्धत योग्य, आणि हे मान्य केल्याने तिच्यावरचे निम्मे ओझे उतरले. आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम आणि, सलग नसलेले, दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, एवढे ठरले. कार्यालयात आठ तास बसून काम असल्याने तिने जेवणानंतरची दहा-दहा मिनिटांची चाल निवडली आणि घरी रबरी पट्ट्यांनी हातापायांचे व्यायाम सुरू केले. नऊ महिन्यांत पाच किलो उतरले. पुढच्या हिवाळ्यात दोन परत आले. ती मान खाली घालून आली, तेव्हा तिला दोन तासांनंतरच्या साखरेचा नवा आकडा दाखवला : १२८. व्यायामाचा फायदा काट्यावर दिसला नाही तरी इन्सुलिनवर होतो.

पुढची तीन वर्षे

लोहाच्या गोळ्यांनी तीन महिन्यांत हिमोग्लोबिन १२ च्या पुढे गेले. सहा आणि बारा महिन्यांनी अस्तर पुन्हा तपासले. दोन्ही वेळा ते पूर्ववत होते. आठव्या महिन्यात ती हात मांडीवर ठेवून बसली होती, हे तिच्या नव्हे, माझ्या लक्षात आले. चिमट्याची वीस मिनिटे आठवड्यातून एकदाच्या पाच मिनिटांवर आली होती. केस पूर्ण गेले नव्हते आणि जाणार नाहीत हे तिला ठाऊक होते.

२९ व्या वर्षी तिला मूल हवे होते. ‘पीसीओएस आहे म्हणजे मूल होणार नाही’ ही तिची भीती १९ व्या वर्षापासूनची होती. स्त्रीबीज सुटत नसल्यामुळे येणारे वंध्यत्व हे उपचाराला चांगला प्रतिसाद देणाऱ्या प्रकारांत मोडते, हे तिला आधीच सांगून ठेवले होते. साधन काढण्याच्या तीन महिने आधी स्पायरोनोलॅक्टोन बंद केले, फॉलिक अॅसिड सुरू केले, रक्तदाब आणि साखर पाहिली. पतीच्या वीर्याची तपासणी झाली, जी अनेक ठिकाणी वर्षभर स्त्रीवर उपचार झाल्यानंतर आठवते. साधन काढल्यावरची पहिली दोन चक्रे ३८ आणि ६१ दिवसांची होती, म्हणजे मूळ स्वभाव कायम होता.

स्त्रीबीज सुटण्यासाठी लेट्रोझोल दिले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, ७५० स्त्रियांच्या एका चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले, तर जुन्या क्लोमिफेनने १९.१ टक्के, तेव्हापासून पहिली पसंती याच औषधाला मिळत गेली. २.५ मिलिग्रॅम पाच दिवस या पहिल्या चक्रात प्रोजेस्टेरॉन वाढले नाही, म्हणजे बीज सुटले नाही. दुसऱ्या चक्रात मात्रा ५ मिलिग्रॅम केली, आणि या वेळी ते सुटले. त्या मात्रेच्या तिसऱ्या चक्रात दिवस राहिले. चाचणीची पट्टी तिने त्याच मोबाइलच्या दिनदर्शिकेतील तारखेखाली जोडून दाखवली.

गर्भधारणेतही हा विकार आपले अस्तित्व सोडत नाही : गर्भावस्थेतील मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. सुरुवातीची ग्लुकोज चाचणी निर्दोष आली. २६ व्या आठवड्यातील चाचणीत उपाशीपोटी ९० आणि दोन तासांनी १४६ ठीक होते, पण एक तासाचा आकडा १८४ आला, १८० या मर्यादेच्या जरासा पुढे. आहारातील बदल आणि चालणे यांवर साखर ताब्यात राहिली, इन्सुलिन लागले नाही. ३९ व्या आठवड्यात ३.१ किलो वजनाची मुलगी झाली.

बाळंतपणानंतर नवव्या आठवड्यात ग्लुकोजची चाचणी पुन्हा केली आणि दोन तासांचा आकडा १३६ आला. अर्धशिशी आहेच, म्हणून गोळ्या नकोत. तेच साधन पुन्हा बसवून घेण्याचे तिनेच सुचवले. निघताना तिने विचारले, की इतक्या वर्षांत बीजकोशातल्या त्या ठिपक्यांकडे कोणी पाहिलेच नाही, ते अजून असतील का? बहुधा असतील, असे सांगितले. ती हसली, आणि पुढच्या वर्षीच्या साखरेच्या तपासणीची तारीख मोबाइलमध्ये टाकली. या वेळी ठिपका निळा होता.